खडीची साक्ष

लोमी-स्केलेटल, मिक्स्ड, सुपरॲक्टिव्ह, पॅकिक आर्जिक्रायोल्स. अमेरिकी मृदा सर्वेक्षणात डोंगरी कुरणाखालच्या एका मातीची ओळख अशी लिहिलेली असते. मुरमाड मुलखात वाढलेल्या माणसाला दगडमातीचं आकर्षण असणं साहजिक आहे, पण मला ओढ लागली ती या वर्णनांची. खड्डा खणायचा, एकेक थर पहारीने मोकळा करायचा, ओल्या आणि कोरड्या मातीचा रंग रंगपट्टीवर जुळवायचा, खडे चाळायचे आणि मग ठरलेल्या क्रमाने नाव लिहायचं. सवय झाली की त्या एका ओळीतून सबंध उतार समोर उभा राहतो.

वरचंच नाव घ्या. बारीक माती पोयट्याची, पण चिकणमाती साठलेल्या थराच्या वरच्या अर्ध्या मीटरमध्ये आकारमानाने 35 टक्के किंवा अधिक भाग दगडगोट्यांचा. खनिजं संमिश्र. चिकणमाती पोषक द्रव्यं धरून ठेवण्यात तरबेज. वरचा काळा, मऊ थर नेहमीपेक्षा जाड. जमीन इतकी थंड की उन्हाळ्यातही तिचा गारवा हटत नाही.

खडी म्हणजे 2 मिलिमीटरपेक्षा मोठा आणि 75 मिलिमीटरपर्यंतचा तुकडा, त्यापुढे गोटे, धोंडे, शिळा. थरात दगडांचं प्रमाण 15 टक्क्यांच्या वर गेलं की माती खडीयुक्त, 35 च्या वर अति खडीयुक्त आणि 60 च्या वर आत्यंतिक. निम्मा थर दगडाचा असेल तर मुळांना मिळणारं पाणीही जवळपास निम्म्यावर येतं. मात्र खडीला निव्वळ उणीव समजणं चूक आहे. पृष्ठभागावरची खडी पावसाच्या थेंबाचा मार झेलते, बाष्पीभवन रोखते, आणि दगडांच्या सांदींतून पाणी खोल उतरतं. खोल मुळांच्या गवताला अशी जमीन मानवते.

खरी गुंतागुंत वेगळीच आहे. पृष्ठभागावर दिसणारी खडी तिथे आली कशी? थंड मुलखात गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांत दगड वर ढकलले जातात. उतारावरून घसरत आलेला मलबा मुळातच दगडी असतो. तिसरी शक्यता अशी की खडी कुठूनही आलेली नाही, तिच्याभोवतीची माती गेली आहे. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स शॉ यांनी 1929 मध्ये अशा उरलेल्या दगडी आवरणाला ‘इरोजन पेव्हमेंट’ म्हटलं. खड्ड्यात उतरलेल्या सर्वेक्षकापुढे तिन्ही खड्या सारख्याच असतात. वर्गीकरण विचारतं किती टक्के. का, हे विचारण्याची त्यात सोय नाही.

या वर्गीकरणाचे शिल्पकार गाय स्मिथ. 1907 मध्ये आयोवात जन्म, आणि उमेदवारीचं महत्त्वाचं काम इलिनॉयच्या लोएसवर, म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक, बिनदगडी मातीवर. 1960 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला आंतरराष्ट्रीय मृदाशास्त्र परिषद भरली, तेव्हा त्यांच्या चमूने ‘सेव्हन्थ ॲप्रॉक्सिमेशन’ नावाचा जाडजूड आराखडा मांडला. 1975 मध्ये त्याचाच ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ हा ग्रंथ झाला. त्याचं मोठेपण निर्विवाद आहे. माती कशी तयार झाली असेल याच्या तर्कांवर भांडण्यापेक्षा मोजता येईल त्यावर नाव ठरवा, हा त्यांचा आग्रह होता. माणसाच्या हातून बदललेली माती आणि तिची मूळ माती शक्यतो एकाच वर्गात राहावी, हेही त्यांनी तत्त्व म्हणून लिहिलं. त्यासाठी एक चतुर युक्ती योजली: वरची 18 सेंटीमीटर माती मिसळून मगच तिचा रंग आणि सेंद्रिय कर्ब पाहायचा. नांगर साधारण तेवढाच खोल जातो, त्यामुळे नांगरटीने मातीचं नाव पालटत नाही.

शेतीच्या जमिनीला हे संरक्षण मिळालं. पण डोंगरी कुरणावर नांगर कधी चालतच नाही. तिथे चालतात खूर. खुरांनी आणि दातांनी उघडी पडलेली माती मिसळत नाही, ती निघून जाते.

त्याचा परिणाम मोजून पाहू. गवताळ उतारावर 30 सेंटीमीटर काळा थर आहे, त्याखाली चिकणमातीचा. काळ्या थराची जाडी बहुतेक ठिकाणी 25 सेंटीमीटर लागते, काही परिस्थितींत 18 चालते, तरच ती माती मॉलिसॉल, म्हणजे गवताळ प्रदेशाच्या सुपीक मातीच्या गणात बसते. त्यातली 15 सेंटीमीटर वाहून गेली की ती गणाबाहेर पडते. खालचा चिकणमातीचा थर शाबूत असला तर नाव बहुधा अल्फिसॉल होईल, आणि तो गण एरवी जंगलाखाली आढळतो. नकाशा वाचणाऱ्याला तिथे पूर्वी झाडी असावी असा भास होणार. चिकणमातीचा थर नसेल तर माती इन्सेप्टिसॉल किंवा एंटिसॉल ठरेल, म्हणजे जेमतेम घडू लागलेली. शिवाय अशा मातीत दगडांचं प्रमाण पृष्ठभागाखाली 25 सेंटीमीटर ते 1 मीटर या पट्ट्यात मोजतात. पृष्ठभाग खचला की तो पट्टाही खालच्या, अधिक दगडी भागात सरकतो. लुटलेली जमीन अशा तऱ्हेने जन्मजात दरिद्री म्हणून नोंदली जाते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. युटा राज्याच्या मध्यभागी वासाच पठार आहे, माथ्यावर चुनखडकाचे थर, उंची सुमारे 3,000 मीटर. पायथ्याच्या सॅनपीट खोऱ्यात मॉर्मन वसाहतींची गावं, त्यांतलं एक मँटाय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पठारावर मेंढ्यांचे इतके कळप चढले की खोऱ्यातून धुळीच्या लोटांवरून ते मोजता येत, असं सांगितलं जाई. मग मँटायवर पूर येऊ लागले, दगडगोटे आणि चिखल घेऊन. गावकऱ्यांनी सरकारकडे अर्ज केले. 1902 च्या उन्हाळ्यात ॲल्बर्ट पॉटर नावाचा अधिकारी घोड्यावरून युटाचे डोंगर पाहत फिरला. तो स्वतः ॲरिझोनातला पशुपालक होता, त्यामुळे चरलेलं रान म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नव्हतं. पुढच्याच वर्षी मँटायचं राखीव जंगल जाहीर झालं.

1912 मध्ये जवळच्या इफ्रेम घळीत वनखात्याने संशोधन केंद्र उघडलं. पहिले संचालक आर्थर सॅम्पसन यांनी माथ्यावर जेमतेम चार-चार हेक्टरांची दोन शेजारी पाणलोट क्षेत्रं निवडली, अ आणि ब. अ मध्ये जमिनीवर 16 टक्के झाकण उरलेलं, ब मध्ये 40 टक्के. दोन्हींच्या तोंडाशी गाळ धरायच्या टाक्या. वर्षाचं बहुतेक पाणी बर्फ वितळून वाहत होतं, पण गाळ आणत होत्या त्या उन्हाळ्यातल्या थोड्याशा वळवाच्या सरी, आणि उघड्या अ मधून तो कित्येक पट अधिक येत होता. पुढे चराई आवरून अ वरचं झाकण 40 टक्क्यांच्या घरात आणलं, तेव्हा त्याचा गाळही पुष्कळ घटला. अमेरिकेतल्या कुरणशास्त्राचा पाया इथे पडला.

माझं मन मात्र रेंगाळतं ते तिथे नंतर आलेल्या लिंकन एलिसन यांच्यापाशी. 1930 च्या दशकाच्या अखेरीस ते या पठारावर काम करू लागले. सॅम्पसन यांच्या मते इथली मूळ, परिपक्व वनश्री म्हणजे व्हीटग्रासचं गवत. एलिसन यांनी गुरं न पोचलेले तुकडे धुंडाळले, कुंपणाआडचे वाफे पाहिले आणि वेगळा निष्कर्ष काढला: मूळची वनश्री उंच, रुंद पानांच्या फुलझाडांच्या मिश्रणाची होती. आज जे गवत परिपक्व वाटतं, ते माती गमावल्यानंतरचं आहे. केंद्राच्या पहिल्या संचालकाचं मत त्यांनी साफ बाजूला ठेवलं. 1954 मध्ये त्यांचा वासाच पठाराच्या वनस्पतींवरचा दीर्घ प्रबंध आला.

हा निष्कर्ष नुसती झाडं पाहून निघाला नव्हता. जमिनीवर गुडघे टेकून पाहायच्या खुणा त्यांनी गोळा केल्या. गवताचा ठोंब आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ओट्यावर उभा असेल, तर त्या ओट्याची उंची म्हणजे मधल्या काळात गेलेली माती. धोंड्यावरची दगडफुलाची वाढ एका रेषेशी थांबून खाली कोरा पट्टा दिसत असेल, तर पूर्वीची जमीन त्या रेषेपर्यंत होती. ओघळांच्या कडेला लोंबणारी मुळं पूर्वीच्या पृष्ठभागाचा पत्ता देतात. पशुपालकांचा आवडता बचाव असा की माती गोफर उकरतात, मेंढ्यांचा दोष नाही. बिळं करणाऱ्या या प्राण्यावर एलिसन यांनी 1946 मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. गोफर मातीची उलथापालथ जरूर करतो, पण हे पठार सोलून निघण्याचं मूळ कारण तो नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. गोफर आणि ती माती हजारो वर्षं एकत्र नांदत आलेली होती.

1949 च्या एका लेखात त्यांनी डोंगरी कुरण तब्येतीने कसं आहे हे ओळखण्याची कसोटी मांडली. गवत वाढतंय का, हा पहिला प्रश्न नव्हे. माती जागेवर टिकून आहे का, हा पहिला. माती जात असेल तर वरची हिरवळ कितीही वाढलेली दिसो, कुरण उताराला लागलेलं आहे. मला ही कुरणशास्त्रातली सर्वांत धाडसी भूमिका वाटते. चराईचे परवाने त्या काळी दिसणाऱ्या गवतावर ठरत.

1958 मध्ये युटाच्या डोंगरांतच हिमलोटात सापडून एलिसन गेले. त्यांचा शेवटचा मोठा लेख 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. चरण्याने रानातल्या वनस्पतींचं भलं होतं, या समजुतीला आधार मिळत नाही असं त्यात त्यांनी ठणकावलं. त्याच वर्षी मॅडिसनमध्ये स्मिथ यांचा आराखडा प्रकाशित झाला. एकात गेलेल्या मातीचा हिशेब, दुसऱ्यात उरलेल्या मातीचं नाव. या दोन कागदांची गाठ पडायला हवी होती.

सर्वेक्षणाची बाजूही सांगितली पाहिजे. नियमपुस्तिकेत धूप नोंदवण्याच्या चार श्रेण्या आहेत: वरचा थर पाव भागाहून कमी गेलेला इथपासून पुरता गेलेला इथपर्यंत. पण किती गेलं हे सांगायला धूप न झालेला नमुना शेजारी लागतो. आयोवात तो एखाद्या जुन्या दफनभूमीत किंवा रेल्वेच्या कडेला सापडतो. ज्या पठाराचा जवळपास प्रत्येक कोपरा कळपांनी तुडवला, तिथे तो आणायचा कुठून? मग सर्वेक्षक पुढ्यातल्या खड्ड्यालाच मूळ रूप मानतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

आणि नावं बदलताना ही व्यवस्था कचरत नाही. थंड मुलखातल्या गवताळ मातीचा बोरोल्स हा पोटवर्ग विसाव्या शतकाच्या शेवटी रद्द झाला. कालचे क्रायोबोरोल्स एका नव्या आवृत्तीसरशी क्रायोल्स झाले, जमिनीवरचा एकही खडा न हलता. तापमानाच्या व्याख्येसाठी एवढी उलथापालथ करता येते, तर हरवलेल्या थरासाठी नावात एक जागा करणं अशक्य नाही.

आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेने देशाचे नकाशे याच वर्गीकरणानुसार केले. दख्खनच्या टेकड्या आणि माळांवरची उथळ, मुरमाड जमीन त्यांत बहुतकरून लिथिक उस्टॉर्थेंट्स म्हणून दिसते, म्हणजे एंटिसॉल: खडकावर जेमतेम बसलेली, अजून थर न धरलेली माती. काही माळांबाबत ते खरं असेलच, तीव्र उतारावर माती साठतच नाही. पण सपाट माथ्यावरच्या बरड जमिनीबद्दल हाच शब्द वाचताना मी अडखळतो. ती कधी घडलीच नाही, की घडून गेली? मेंढपाळांवर खापर फोडण्यासाठी मी हे विचारत नाही. फिरता कळप एका जागी फार काळ थांबत नाही, आणि माळ ओसाड होण्यामागे लाकूडतोड, मुरूम उपसा आणि कोरड्या उतारावर ओढून नेलेली नांगरट असे अनेक हात असू शकतात. उत्तर जमिनीतच शोधावं लागेल.

सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी राखलेल्या गवताळ जमिनीचे तुकडे आहेत, काही कुंपण घातलेले. तिथे कुंपणाच्या आत आणि बाहेर, एकाच खडकावर आणि एकाच उतारावर, जोडीजोडीने खड्डे घ्यावेत. काळ्या थराची जाडी, खडीचं प्रमाण दर 5 सेंटीमीटरला, गवताच्या ठोंबाखालच्या ओट्याची उंची आणि धोंड्यांवरची दगडफुलाची रेषा नोंदावी. कुंपण काही दशकांचंच आहे, तेवढ्या अवधीत गेलेला थर परत येत नाही, म्हणून आतल्या खड्ड्याला मूळ नमुना मानण्याची घाई नको. मूळ नमुन्याच्या शोधात देवराया आणि जुन्या गढ्यांची आवारंही पाहावीत. मग उस्टॉर्थेंट्सच्या नकाशावर दोन वेगळ्या छटा काढता येतील: मुळात उथळ, आणि उथळ झालेली. पहिलीत गवत राखणं पुरेसं आहे. दुसरीत आधी ओघळ बांधून माती थांबवावी लागते.