पाणी फुकट कोणाला मिळते?

झोपडपट्टीतल्या लोकांना पाणी फुकट हवे असते, बिल भरायची त्यांची ऐपत नसते, हा शहरातला पक्का समज आहे. हिशेब मांडला की उलटेच दिसते. मुंबईत महापालिका वस्तीतल्या घरगुती नळाला हजार लिटरमागे पाच रुपयांच्या आसपास आकारते. नळ नसलेल्या घरात २० लिटरचा कॅन १० रुपयांना येतो असे धरले, तर तेच हजार लिटर ५०० रुपयांना पडतात, म्हणजे शंभरपट. आणि ते पैसे जातात टँकरवाल्याच्या किंवा चोरून पाइप जोडणाऱ्याच्या खिशात. तेव्हा पैसा वस्तीतून आजही निघतोच आहे, फक्त पालिकेपर्यंत पोचत नाही. अडते ते जमिनीच्या कागदापाशी.

‘नळ दिला की झोपडी अधिकृत होते’ ही भीती त्यामागे आहे. मुंबईत आधी १९९५ आणि पुढे २००० नंतरच्या झोपड्यांना याच विचाराने पाणी नाकारले गेले. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये या दोन गोष्टींची फारकत केली: पाणी हा घटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पण ते मिळाल्याने बांधकाम कायदेशीर ठरत नाही. ढाक्यातही जमिनीच्या कागदावाचून जोडणी मिळत नसे. तिथे १९९०च्या दशकात दुःस्थ स्वास्थ्य केंद्र ही संस्था पाणीपुरवठा मंडळापुढे जामीन राहिली, वस्त्यांनी खर्च हप्त्यांनी फेडला, आणि पुढे रहिवाशांच्या संघटनांना त्यांच्याच नावाने जोडण्या मिळू लागल्या. याला खासगीकरण म्हणणे चूक आहे. पाणी आणि जलवाहिनी सरकारी मंडळाचीच राहिली, वसुली आणि देखभाल तेवढी वस्तीने उचलली.

वस्ती आणि पालिका यांच्यामधला माणूसच नवा दादा होईल, हा आक्षेप मात्र खरा आहे. मुंबईत अनेक घरांना मिळून दिलेल्या गट-जोडणीत बिल एका सेक्रेटरीच्या नावावर येते. त्याने वर्गणी गोळा करून भरली नाही, तर पैसे दिलेल्या घरांचेही पाणी तुटते. म्हणून बिल आणि भरल्याची पावती गल्लीत सर्वांना दिसेल अशी लावली पाहिजे, सेक्रेटरी बदलायची सोय पाहिजे. वस्ती आणि पालिकेच्या अशा भागीदारीचीही एक मर्यादा आहे. मीटरपासून घरापर्यंतचा बारीक पाइप बरेचदा गटारातून जातो. पाणी बंद झाले की त्यातला दाब उतरतो आणि सांध्याच्या फटीतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. सकाळी हंड्यात पहिली धार गढूळ पडते ती यामुळे. हे पाइप गटाराबाहेर काढणे वर्गणीतून होणारे काम नाही. ते पालिकेनेच अंगावर घ्यायला हवे.