गर्भस्थ वासरू व कोकरू : हॉर्मोने आणि खनिज नियमन

गर्भस्थ वासरू व कोकरू यांच्या रक्तातील कॅल्सियम, फॉस्फरस इ. खनिजांचे प्रमाण ठराविक मर्यादेत राखणाऱ्या शरीरक्रियांना गर्भाचे खनिज नियमन म्हणतात. वार, गर्भाच्या स्वतःच्या अंतःस्रावी ग्रंथी (ज्यांचा स्राव सरळ रक्तात मिसळतो अशा वाहिनीविहीन ग्रंथी) आणि मातेच्या शरीरातील साठे या तिहींवर ते अवलंबून असते. गाईचा गर्भावधी सु. २८५, म्हशीचा सु. ३१० व मेंढीचा सु. १५० दिवसांचा असतो. गर्भाच्या सांगाड्यातील बहुतेक खनिजे यांपैकी शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात साठतात. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा काळ चाराटंचाईत आला, तर गाभण जनावर व गर्भ या दोघांच्याही गरजा एकाच अपुऱ्या आहारातून भागवाव्या लागतात.

वारेचे कार्य : रवंथ करणाऱ्या प्राण्यांची वार गर्भाशयाच्या भित्तीला अनेक गुंडीसारख्या उंचवट्यांनी जोडलेली असते. तेथे माता व गर्भ यांचे रक्त जवळून वाहते, पण मिसळत नाही. मातेची परावटू ग्रंथी व अवटू ग्रंथी यांत तयार होणारी, कॅल्सियमाचे नियमन करणारी हॉर्मोने वारेतून गर्भात जात नाहीत. कॅल्सियम मात्र ऊर्जा खर्च करून गर्भाकडे ओढले जाते. मेंढीच्या १०० मिलि. रक्तद्रवात कॅल्सियम सर्वसाधारणपणे ९ ते १० मिग्रॅ., तर तिच्या गर्भाच्या रक्तद्रवात ११ ते १३ मिग्रॅ. असते, म्हणजे हा पुरवठा कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे होतो.

गर्भाच्या ग्रंथी : गर्भस्थ कोकराच्या परावटू ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्यास माता व गर्भ यांच्या रक्तातील कॅल्सियमाचा हा फरक नाहीसा होतो, असे प्रयोगांत आढळले. तथापि नेहमीचे परावटू हॉर्मोन वारेत सोडून तो पूर्ववत होत नाही. हे कोडे परावटू हॉर्मोनसदृश प्रथिनाच्या शोधामुळे उलगडले. हे प्रथिन प्रथम कर्करोगाच्या अर्बुदांच्या अभ्यासातून १९८७ मध्ये ओळखले गेले. गर्भस्थ कोकराच्या परावटू ग्रंथीत व मेंढीच्या वारेत ते असल्याचा आणि त्यामुळे वारेतील कॅल्सियम वहन वाढत असल्याचा पुरावा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. याशिवाय गर्भाची वृक्के (मूत्रपिंडे) ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार करतात. कॅल्सिटोनीन हे हॉर्मोन हाडांतील कॅल्सियम रक्तात उतरण्यास विरोध करते व त्यामुळे सांगाड्याची वाढ सुरक्षित राहते.

प्रसूतीची वेळही मुख्यत्वे गर्भच ठरवितो. न्यूझीलंडमधील जी. सी. लिगिन्झ यांनी १९६० नंतरच्या दशकात गर्भस्थ कोकरांवर प्रयोग केले. गर्भाची पोष ग्रंथी नष्ट केल्यास गर्भावधी लांबतो आणि गर्भाला कॉर्टिसॉल दिल्यास मेंढी लवकर विते, असे त्यांनी दाखविले. अधिवृक्क ग्रंथीतून शेवटच्या दिवसांत वाढत्या प्रमाणात स्रवणारे हे हॉर्मोन फुप्फुसे व आतडी यांना जन्मानंतरच्या जीवनासाठी परिपक्व करते. नाळ तुटताच कॅल्सियमाचा पुरवठा एकदम थांबतो व नवजाताच्या रक्तातील त्याचे प्रमाण काही काळ घटते. त्यानंतर नवजाताच्या परावटू ग्रंथी, आतडी व चीक यांवर नियमनाची भिस्त राहते.

मातेवरील भार : होल्स्टीनसारख्या मोठ्या गाईच्या गर्भात अखेरच्या दिवसांत रोज सु. १० ग्रॅ. कॅल्सियम व ५ ग्रॅ. फॉस्फरस साठतो. आहारातून कॅल्सियम कमी पडल्यास माता ते स्वतःच्या हाडांतून पुरविते. त्यामुळे उपाशी जनावराचे वासरूही पुष्कळदा सुघटित जन्मते, पण मातेची झीज होते. रक्तातील कॅल्सियम घटून होणारा दुग्धज्वर गाईला बहुधा व्याल्यानंतर, तर मेंढीला, विशेषतः जुळी असलेल्या मेंढीला, विण्यापूर्वीच होतो.

तांबे व आयोडीन यांच्या बाबतीत अशी भरपाई होत नाही. गर्भ आपल्या यकृतात तांबे साठवितो. मातेकडेच ते नसेल, तर मेंदू व मेरुरज्जू यांची वाढ बिघडून कोकराचे मागील पाय लटपटतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात या रोगाचे हे कारण १९३७ मध्ये सिद्ध झाले. आयोडीन अपुरे असल्यास गर्भाला अवटू हॉर्मोन पुरेसे बनविता येत नाही आणि गलगंड झालेले, विरळ केसांचे, दुर्बल किंवा मृत पिलू जन्मते. मेंढी मात्र वरकरणी निरोगी दिसू शकते.

सोलापूर परिसर : खिल्लार गाई, पंढरपुरी म्हशी व धनगरांच्या दख्खनी मेंढ्या हे जिल्ह्याचे मुख्य पशुधन होय. रब्बी ज्वारीचा कडबा हा येथील पारंपरिक चारा असून त्यात फॉस्फरस कमी असतो. गव्हाचा कोंडा व करडईची किंवा सरकीची पेंड यांनी ही उणीव भरून निघते. टंचाईत उसाच्या वाढ्यावर भिस्त वाढते. २०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. वाढ्यातील ऑक्झॅलेटाचा काही भाग पोटातील सूक्ष्मजंतू नष्ट करतात. उरलेले ऑक्झॅलेट कॅल्सियमाशी संयोग पावून ते शेणावाटे बाहेर नेते. गर्भाची मागणी मात्र कायम राहते व तो भार मातेच्या हाडांवर पडतो. यासाठी वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडणे, त्यात कडबा मिसळणे व खनिज मिश्रण देणे हे उपाय योजतात.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोल मेंढीतील बहुप्रसवी जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. अशा जुळी देणाऱ्या मेंढ्यांना शेवटच्या सहा आठवड्यांत केवळ चराईवर ठेवणे धोक्याचे असते.

खनिजांचा अतिरेकही घातक ठरतो. विण्यापूर्वी कॅल्सियम फार दिल्यास दुभत्या गाईची परावटू ग्रंथी मंदावते व दुग्धज्वराचा संभव वाढतो. मेंढीला तांब्याची विषबाधा सहज होते. म्हणून गाईंसाठी तयार केलेले मिश्रण मेंढ्यांना देऊ नये. मात्रा जनावराची जात, गर्भाचे वय व उपलब्ध चारा पाहून पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरविणे इष्ट असते.