‘भव्य’ या शब्दाविषयी थोडेसे

मागील कार्यक्रमाचे हस्तपत्रक परवा हाती आले. त्यात आम्ही ‘भव्य’ हा शब्द चार ठिकाणी छापला होता. भव्य मिरवणूक, भव्य जाहीर सभा, भव्य रक्तदान शिबिर, इतकेच नव्हे तर भव्य भोजनदानसुद्धा! प्रत्यक्षात सभेच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. चूक आमचीच. म्हणून या शब्दाचा अर्थ एकदा नीट पाहावा असे वाटले. निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थी मित्रांनाही त्याचा उपयोग होईल.

केवळ मोठे ते भव्य नव्हे. धान्याचे गोदाम प्रचंड असते, पण त्यास कोणी भव्य म्हणत नाही. पाहणाऱ्याच्या मनात आदरही उपजावा लागतो. भव्य कपाळ म्हणताना आपण इंचांचा हिशेब करीत नाही.

पुण्याहून लोकलने मळवलीस उतरून कार्ल्याचे चैत्यगृह पाहावे. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असे हे दालन अखंड डोंगरात कोरलेले आहे. आत पाऊल टाकताच आवाज आपोआप खाली येतो. येथे ‘भव्य’ शोभतो. गंमत अशी की, तेथील ब्राह्मी लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने या शैलगृहास जंबुद्वीपात ‘उत्तम’ म्हटले आहे. मोठे म्हटलेले नाही.

शब्दाचे मूळ ‘भू’ म्हणजे होणे या धातूत आहे. संस्कृतात भव्य म्हणजे होणारे, होण्यास योग्य. पालीत त्याचेच ‘भब्ब’ झाले. भब्ब म्हणजे समर्थ, पात्र, उलट ‘अभब्ब’. पण अभब्ब ही नेहमी निंदा नसते. अर्हत जाणूनबुजून प्राणिहत्या करण्यास अभब्ब असतो, असे सुत्तांत येते. तेथे ती असमर्थता हाच मोठेपणा! मराठीत पात्रतेचा हा अर्थ मागे पडून थोरपणाचा तेवढा उरला.

जुना अर्थ ध्यानात ठेवून देहूरोडकडे पाहावे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तेथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. कार्ल्याच्या तुलनेत ते विहार अगदी लहान. परंतु नागपूरची धम्मदीक्षा, १४ ऑक्टोबर १९५६ ची, तेव्हा व्हावयाची होती. त्या प्रसंगास ‘भव्य’ हा शब्द आम्ही दोन्ही अर्थांनी वापरू.

यंदाच्या हस्तपत्रकात मात्र नुसते ‘जाहीर सभा’ एवढेच छापले आहे.