ग्रंथगंधाचें घराणें

विद्येची परंपरा असलेल्या घराण्यास चिनी भाषेंत ‘शू-श्यांग मन्-ती’, म्हणजे ‘ग्रंथगंधाचें घराणें’, म्हणतात. जुने चिनी पंडित कसर लागूं नये म्हणून ग्रंथांत एक सुवासिक वनस्पति ठेवीत. तिचाच हा गंध, असें सांगतात. आपल्या पोथ्यांतील वेखंड वाचकांस आठवेलच!

या भाषेंत कीर्ति दरवळते आणि अपकीर्तीला दुर्गंधी सुटते. सेनापति ह्वान वन (इ. स. ३१२–३७३) यास सिंहासनाची हांव होती. सुगंध मागें ठेवतां येत नसेल, तर दहा हजार वर्षें टिकणारी दुर्गंधी तरी कां ठेवूं नये, असें तो एकदां अंथरुणांतून उठून बसत बोलून गेला. सिंहासन त्यास लाभलें नाहीं. सुगंध-दुर्गंधीचे ते दोन्ही वाक्प्रचार मात्र भाषेंत राहिले.

आम्हांस याहून मार्मिक वाटतो तो खारवलेल्या मासळीच्या दुकानाचा वाक्प्रचार. तेथें फार वेळ बसलेल्यास दुर्गंधी जाणवेनाशी होते. पण हें कन्फ्यूशियसच्या नांवावर असलेल्या वचनाचें अर्धेंच अंग झालें. सुगंधी फुलांच्या दालनांत राहणारासहि तो सुवास पुढें जाणवत नाहीं, असें त्याचें दुसरें अंग आहे. कारण दोघेहि एव्हांना त्या त्या वासाचेच होऊन गेलेले असतात.