पाळ पाझरते तेव्हा

पाऊस झाला, की रविवारी आपल्या हिंगोली जिल्ह्यातली माणसं डबे बांधून पाण्याकडे निघतात. कुणी सिद्धेश्वर धरण गाठतं, कुणी गावाजवळचा पाझर तलाव. मराठवाड्यातले कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात, पोटासाठी माती वाहणाऱ्या हातांनी उभे केले. त्यांच्याच पाळीवर आज आपण शिदोरी सोडतो.

या पाळीची रचना साधी असते. पोटात काळी माती. ती पाणी अडवते. तिच्या अंगावर मुरूम. तो पाळीला वजन देतो. पाण्याच्या बाजूला दगड रचलेले, लाटांनी माती खरवडू नये म्हणून. कडेला सांडवा. जादा पाण्यानं तिथूनच जायचं. ते पाळीवरून वाहिलं, तर पाळ घेऊन जातं.

मातीची पाळ थोडीफार पाझरतेच. पायथ्याशी नितळ पाणी झिरपत असेल, तर लगेच घाबरू नये. ते गढूळ झालं, की मात्र समजावं, आतली माती निघाली आहे. खेकड्याचं बीळ, झाडाचं कुजलेलं मूळ, एवढी वाटही पाण्याला पुरते.

कोकणातलं तिवरे धरण लहानच होतं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं, माणसं वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

म्हणून पुढच्या रविवारी जेवण झालं, की पाळीच्या मागची बाजूही पाहा. गढूळ पाणी दिसलं, तर आधी खालच्या वस्तीला सांगा, लगोलग सरपंचांना आणि तहसील कचेरीला कळवा. सोमवारची वाट पाहू नका.