किचन आयलंड
किचन आयलंड म्हणजे स्वयंपाकघराच्या मध्यभागी, भिंतीला न टेकवता उभारलेला ओटा होय. भारतीय घरांतील ओटा सहसा भिंतीलगत असतो. आयलंड चारही बाजूंनी मोकळे असते, म्हणून त्याला बेटाची उपमा मिळाली. एक टोक भिंतीला जोडलेले असल्यास त्या रचनेस पेनिन्सुला, म्हणजे द्वीपकल्प, असे म्हणतात.

सर्व बाजूंनी दिसत असल्यामुळे आयलंडला उठावदार रूप दिले जाते. त्याची कपाटे इतर कपाटांहून निराळ्या रंगाची ठेवणे, वर लटकते दिवे लावणे आणि पृष्ठभागाचा दगड बाजूंनी थेट जमिनीपर्यंत उतरवणे या प्रचलित पद्धती आहेत. दगडाच्या या रचनेस वॉटरफॉल म्हणतात. संगमरवर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असल्याने लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर यांतील आम्लामुळे त्याची झिलई उतरते. ग्रॅनाइटवर असा परिणाम सहसा होत नाही.

सजावटीपूर्वी भोवतालच्या जागेचा विचार करावा लागतो. अमेरिकेतील नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशन ही संस्था एकच व्यक्ती स्वयंपाक करत असल्यास किमान ४२ इंच (सुमारे १०७ सेंमी) आणि अधिक व्यक्ती असल्यास ४८ इंच (सुमारे १२२ सेंमी) रुंदीची वाट सुचवते. वाट अरुंद राहिल्यास गरम भांडे घेऊन वळणे धोक्याचे होते आणि समोरासमोरची दारे एकमेकांवर आदळतात. त्यामुळे लहान स्वयंपाकघरात चाके लावलेले टेबल अधिक सोयीचे ठरते. काम संपल्यावर ते बाजूला सरकवता येते.