नटराजापाशी उजवीकडे

वस्तुसंग्रहालयात वाट कशी दाखवावी, या प्रश्नाकडे मी वळलो तो आईमुळे. एका मोठ्या संग्रहालयात तिला जुन्या पैठण्या पाहायच्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यांनी ती दोन जिने चढली. पैठण्यांचे दालन इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आहे हे वर गेल्यावर कळले, तेव्हा ती बाकावर बसली आणि "राहू दे आता" म्हणाली. त्या टोकाला लिफ्ट होती. तिची पाटी खांबाआड होती. परतताना पहारेकऱ्याला बाहेरची वाट विचारली. तो म्हणाला, "सरळ जा, नटराज दिसला की उजवीकडे. पुढचं तिथल्या माणसाला विचारा." हे वाक्य मी विसरलो नाही. मोबाइलच्या पडद्यावर बाण काढणाऱ्यांना जे अजून नीट साधलेले नाही, ते त्यात आहे.

संग्रहालयातला थकवा हा अभ्यासाचा जुना विषय आहे. बोस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली त्यावर लेख लिहिला. कपाटांतल्या वस्तू पाहताना माणसाला किती वाकावे, किती मान वळवावी लागते, हे त्यांनी छायाचित्रांनिशी दाखवले. पुढे १९३५ मध्ये आर्थर मेल्टन यांनी नोंदवले की दालनात शिरल्यावर बहुतेक लोक उजवीकडे वळतात आणि बाहेर पडायचे दार दिसले की उरलेल्या भिंती न पाहताच तिकडे ओढले जातात. थोडक्यात, प्रेक्षकाची शक्ती मोजकी असते. वाट शोधण्यात ती जितकी खर्च होते, तितकी पाहण्यासाठी कमी उरते.

इथे ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे संवर्धित वास्तव, मदतीला येऊ शकते. कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेले चित्र जागच्या जागी बसवायचे, एवढाच तिचा अर्थ. अडचण आहे ती 'जागच्या जागी' या शब्दांत. उपग्रहांचे संकेत जाड भिंतींतून नीट पोचत नाहीत; आणि दोन दालनांमध्ये एकच भिंत असताना काही मीटरची चूकही परवडत नाही. म्हणून मोबाइल दुसरी युक्ती करतो. तो कॅमेऱ्यात दिसणारे कोपरे, कडा, नक्षीचे ठिपके टिपतो, स्वतःच्या हालचालीची नोंद त्यांच्याशी जोडतो आणि आधी तयार केलेल्या नकाशाशी ताडून पाहतो. पावलागणिक थोडी चूक साचते. ओळखीची खूण दिसली की ती दुरुस्त होते. पण कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर टिपायला काही नसते, काचेच्या कपाटांत प्रतिबिंबे फसवतात, आणि एखादी मूर्ती हलवली तर नकाशा खोटा ठरतो. त्यात जुने कापड टिकावे म्हणून त्याच्यावरचा प्रकाश साधारण ५० लक्सवर ठेवतात. पैठणीला जपणारा तो अंधूक उजेड कॅमेऱ्याला मात्र आंधळा करतो.

शंभरहून अधिक दालने असलेल्या डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाने जानेवारी २०१७ मध्ये 'ल्युमिन' नावाचा असा मार्गदर्शक सुरू केला. प्रेक्षकाला हातात घ्यायला मोबाइल मिळे. तो पुढच्या वस्तूपर्यंत वाट दाखवी. तिथे पोचल्यावर ममीच्या आतला सांगाडा दिसे, बॅबिलोनच्या इश्तार दरवाज्याच्या तुकड्याभोवती सबंध दरवाजा उभा राही. हे सारे गूगलच्या 'टँगो' तंत्रावर चाले आणि त्याला खोली मोजणारे खास संवेदक असलेले मोबाइल लागत. साध्या मोबाइलवर चालणारी तंत्रे आली आणि गूगलने १ मार्च २०१८ पासून टँगोचा आधार काढून घेतला. संग्रहालये शतकांचा हिशेब करतात, उपकरणे दोन-चार वर्षांचा. म्हणून मला वाटते, कोणते दालन कुठे, पायऱ्या किती, लिफ्ट कोणती, बाक कुठे, ही माहिती संग्रहालयाने स्वतःच्या हाती, साध्या रूपात ठेवावी. बाण कोणत्याही यंत्राने काढावा.

दुसरा धडा बाणाबद्दलचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २४ जणांना लंडनच्या सोहो भागाच्या चित्रफितींतून वाट काढायला लावली होती. स्वतः वाट शोधताना नव्या रस्त्यावर शिरले की मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग जागा होई. नुसत्या सूचना पाळताना तो तसा जागा होत नसे. जमिनीवर अखंड निळी रेघ काढली तर प्रेक्षक पोचेल खरा, पण कुठून आला हे त्याला सांगता येणार नाही. शिवाय त्याचे डोळे पडद्यावर खिळतील आणि पाय पायरीवर अडखळतील.

केव्हिन लिंच यांनी १९६० च्या 'द इमेज ऑफ द सिटी' या पुस्तकात म्हटले होते की माणसे शहर मनात साठवतात ते वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा यांच्या आधाराने. संग्रहालयाइतक्या खुणा दुसऱ्या कोणत्या इमारतीत असतील? डेट्रॉइटला दिएगो रिव्हेराच्या २७ भित्तिचित्रांचा चौक आहे. तो एकदा पाहिलेला माणस तिथवर परत येण्याची वाट सहज लक्षात ठेवील. मग 'वीस मीटर सरळ' असे कशाला सांगायचे? 'नटराजापाशी उजवीकडे' म्हणावे. त्यात वाटही कळते आणि नटराजही पाहिला जातो.

म्हणून बाणाने फक्त वळणावर यावे, ओळखीच्या वस्तूचे नाव घ्यावे आणि गप्प व्हावे. मधल्या वेळात मोबाइल खिशात असावा; गरज पडल्यास त्याने थरथरून खुणावावे. भटकायला आलेल्याला त्याने मुळीच छळू नये. हरवण्यातही सुख असते, पण ते धडधाकट पायांचे सुख आहे. ज्याचे गुडघे दुखतात, जो चाकाच्या खुर्चीत आहे, त्याला पहिली पायरी चढण्यापूर्वीच खरी वाट कळायला हवी.

त्या पहारेकऱ्याने आम्हाला सगळी वाट सांगितली नव्हती; पुढच्या वळणापुरतीच सांगितली होती, आणि तेवढी पुरली. तो जिन्याच्या पायथ्याशी भेटला असता, तर आईने पैठण्या पाहिल्या असत्या.